खुब्यातला इम्प्लांट सदोष निघाला तर: दुसऱ्या ऑपरेशनआधीची तयारी आणि नंतरचा दावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंची उजवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया २००९ साली मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात झाली. अलीकडे जांघेत दुखतं, चालताना आतून करकर आवाज येतो. नव्या अस्थिरोगतज्ज्ञांनी रक्त तपासून घेतलं, त्यात कोबाल्ट वाढलेलं निघालं. सांधा धातूवर धातू घासणाऱ्या प्रकारचा आहे आणि तो काढून दुसरा बसवावा लागेल, असं त्यांचं मत. जुनं रुग्णालय सांगतं की इतकं जुनं रेकॉर्ड आमच्याकडे नाही. एवढ्या वर्षांनी दावा लावता येईल का, कुणावर, आणि तो टिकेल का?

लावता येईल. टिकेल की नाही हे मात्र तुम्ही कोणता वकील गाठता यापेक्षा पुढच्या काही आठवड्यांत काय करता यावर ठरणार आहे. या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा आज आईंच्या शरीरात आहे आणि तो एकदाच बाहेर येणार आहे. वैद्यकीय दाव्यांत वकील म्हणून काम करताना मी पुन्हा पुन्हा हेच बघतो: लोक माझ्याकडे येतात ते दुसरं ऑपरेशन होऊन गेल्यावर. काढलेला सांधा तोवर कुठे गेला हे कुणालाच ठाऊक नसतं. मग उरतं ते फक्त तोंडी सांगणं.

एक गोष्ट आधीच बजावतो. दाव्यासाठी ऑपरेशन लांबवू नका. धातूचे कण आजूबाजूच्या स्नायूंना आणि हाडाला इजा करत राहतात, आणि उशीर जितका जास्त तितकं नव्या सांध्याला धरायला हाड कमी उरतं. तारीख डॉक्टरांनी ठरवावी. तुमची तयारी त्या तारखेआधी पूर्ण व्हावी, एवढंच.

पहिलं काम म्हणजे इम्प्लांटची ओळख पटवणं. ‘मेटल ऑन मेटल’ एवढ्यावर दावा उभा राहत नाही. कंपनी, मॉडेल, कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर हवा. प्रत्येक भागाच्या पाकिटावर हे छापलेलं स्टिकर असतं आणि ते सहसा ऑपरेशनच्या नोंदीवर किंवा डिस्चार्ज कार्डावर चिकटवतात. कप, बॉल आणि मांडीच्या हाडातला स्टेम यांची स्टिकरं वेगवेगळी असतात, सगळी शोधा. घरच्या फायलीत नसतील तर २००९ चं बिल बघा, इम्प्लांटचं बिल पुष्कळदा वेगळं असतं आणि त्यावर पुरवठादाराचं नाव असतं. मेडिक्लेम घेतला असेल तर विमा कंपनीकडे, नोकरीतून खर्च मिळाला असेल तर त्या कार्यालयाच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या फायलीत कागद सापडू शकतो. जुने एक्स-रे फेकू नका. अनुभवी सर्जन नुसत्या एक्स-रेवरून डिझाइन ओळखतो, शिवाय कप कोणत्या कोनात बसवला होता हेही त्यावरूनच कळतं. त्या कोनाचं महत्त्व पुढे येईल.

रुग्णालयाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. तीन वर्षं उलटून गेल्यामुळे ‘नाही’ हे उत्तर बेकायदेशीर ठरेलच असं नाही. पण ते उत्तर लेखी हवं. ‘रेकॉर्ड उपलब्ध नाही’ असं पत्र हातात असेल, तर तुम्ही प्रयत्न केले होते हे ग्राहक आयोगापुढे दाखवता येतं. मूळ सर्जनना स्वतंत्रपणे भेटा. बरेच सर्जन आपली वही किंवा फोटो वर्षानुवर्षं ठेवतात.

ओळखीवर इतका भर देण्याचं कारण आहे. हा सांधा डेप्यू कंपनीचा एएसआर निघाला तर तुमची वाट बऱ्यापैकी आखलेली आहे. दुसरा निघाला तर ती तुम्हाला स्वतः पाडावी लागेल.

एएसआरची हकिकत थोडक्यात सांगतो. डेप्यू ही जॉन्सन अँड जॉन्सनची कंपनी. कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा बॉल त्याच धातूच्या कपात फिरतो, अशी या सांध्याची रचना. त्यात एएसआरचा कप इतरांपेक्षा उथळ होता. त्यामुळे तो जरा तिरका बसला तरी सगळा भार कडेवर यायचा, तिथे धातू झिजायचा आणि कण आजूबाजूच्या मांसात व रक्तात उतरायचे. इंग्लंड आणि वेल्सच्या सांधेबदल नोंदवहीत पाच वर्षांत १२ ते १३ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचं दिसलं. तुलनेसाठी: उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ साली ठरवलेला निकष दहा वर्षांत पाच टक्क्यांचा आहे. ऑस्ट्रेलियातून हा सांधा डिसेंबर २००९ मध्येच मागे घेतला होता. जगभरातून तो २४ ऑगस्ट २०१० ला परत बोलावला गेला. तोवर जगात सुमारे ९३,००० आणि भारतात सुमारे ४,७०० रुग्णांना तो बसला होता.

भारतात पुढे जे झालं ते वाचून आजही संताप येतो. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने केंद्राकडे पाठपुरावा केला, आयात परवाना २०१२ साली रद्द झाला, पण केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने, म्हणजे सीडीएससीओने, देशभरासाठी इशारा काढला तो डिसेंबर २०१३ मध्ये. जग सावध होऊन तोवर तीन वर्षं उलटली होती. अमेरिकेत त्याच सुमारास, नोव्हेंबर २०१३ मध्ये, कंपनीने सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली होती. भारतातल्या रुग्णांना त्यात जागा नव्हती. केंद्राने डॉ. अरुणकुमार अग्रवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली २०१७ साली. तिचा अहवाल २०१८ मध्ये आला आणि त्यातून कळलं की सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. आपल्या शरीरात काय आहे हे त्यातल्या अनेकांना माहीतही नसेल. तुमच्या आई त्यांच्यातल्या एक असू शकतात.

त्या समितीने किमान २० लाख रुपये भरपाई सुचवली. नंतर डॉ. आर. के. आर्य यांच्या समितीने वय आणि अपंगत्वाचं प्रमाण धरून सूत्र ठरवलं, त्यात रक्कम ३० लाखांपासून सुमारे १ कोटी २३ लाखांपर्यंत जाते. दावे तपासायला राज्यांत समित्या नेमायचं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही योजना मान्य करून याबद्दलची जनहित याचिका निकाली काढली. कंपनी मात्र दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिथे मे २०१९ मध्ये, दुसरी शस्त्रक्रिया झालेल्या आणि पडताळणी पूर्ण झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी तिने दाखवली.

तेव्हा सांधा एएसआर असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि दिल्लीत सीडीएससीओकडे स्टिकर, ऑपरेशनचे कागद, रक्ताचे अहवाल आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र जोडून केंद्राच्या सूत्रानुसार भरपाई मागणारा लेखी अर्ज ताबडतोब द्या. त्याच्या भरवशावर ग्राहक आयोगाची मुदत मात्र जाऊ देऊ नका. सरकारी समितीपुढे अर्ज दिला म्हणून आयोगातलं घड्याळ थांबत नाही.

एएसआर नसेल तर ‘सदोष’ हा शब्द जपून वापरावा लागेल. खुब्याचा सांधा अनेक कारणांनी बिघडतो: जंतुसंसर्ग, सैल होणं, पडणं, चुकीच्या कोनात बसणं. यातलं काहीही झालं तरी माणसाला वेदना तेवढ्याच होतात, पण कंपनी जबाबदार ठरत नाही. डेप्यूच्याच पिनॅकल या सांध्याच्या धातू लाइनरचं, म्हणजे कपाच्या आतल्या अस्तराचं, उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक रुग्णांचा दावा २०१८ साली हरला. धातूचे कण सुटणं हा अशा सांध्याचा स्वभावच आहे, तेवढ्यावरून तो सदोष ठरत नाही, तो अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होतो हे दाखवा, असा त्या निकालाचा रोख होता. अमेरिकेत त्याच सांध्याबद्दल ज्युरींनी रुग्णांच्या बाजूने मोठे निकाल दिले आणि कंपनीने पुढे सुमारे एक अब्ज डॉलर मोजून दावे मिटवले. सांधा तोच, देश वेगळे, निकाल उलटे. म्हणून परदेशातल्या तडजोडीची बातमी जोडून इथे पैसे मिळतील असं गृहीत धरू नका. तुमच्या मॉडेलबद्दल परत बोलावण्याची नोटीस निघाली आहे का, नियामकांनी इशारा दिला आहे का, परदेशी नोंदवह्यांत त्याचा पुन्हा ऑपरेशनचा दर किती आहे, हे शोधून काढावं लागेल. स्ट्रायकर कंपनीचे रिजुव्हेनेट आणि एबीजी-२ हे स्टेम २०१२ साली मागे घेतले गेले, त्यांच्या जोडाच्या जागी गंज धरत होता. अशी अधिकृत नोंद तुमच्या मॉडेलबद्दल सापडली तर निम्मं काम झालं.

आता ऑपरेशनआधीची तयारी, आणि इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

रक्ताची एकच चाचणी पुरेशी नाही. कोबाल्ट-क्रोमियमसाठी नमुना घेणं नाजूक असतं. साध्या नळीतून किंवा सुईतून धातू मिसळून आकडा फुगू शकतो, म्हणून सूक्ष्म धातूंसाठीची खास नळी वापरणारी प्रयोगशाळा निवडा. ब्रिटनच्या नियामकांनी सात मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही सावधगिरीची रेषा मानली आहे आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं आहे. ऑपरेशनला तेवढा अवधी नसेल तर निदान एक चांगला नमुना आधी आणि एक नंतर घ्या. सांधा काढल्यावर पातळी उतरली, तर तो स्वतःच एक पुरावा होतो. मूत्रपिंडाचा आजार असल्यास पातळी त्यामुळेही वाढते, तेव्हा क्रिएटिनिनचा अहवाल सोबत ठेवा. धातूमुळे येणारा धूसरपणा कमी करणारा खास एमआरआय डॉक्टरांनी सुचवला तर टाळू नका. सांध्याभोवती साचलेला द्रव किंवा गाठ त्यात दिसते. आईंना ऐकू कमी येणं, दृष्टी मंदावणं, धाप लागणं, थायरॉइडचा त्रास असं काही नव्याने सुरू झालं असेल तर डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या. कोबाल्ट फार वाढलं तर हे होऊ शकतं.

ऑपरेशनच्या आधी सर्जन आणि रुग्णालय दोघांना पत्र द्या: काढलेले सगळे भाग रुग्णाची मालमत्ता आहेत, ते नष्ट करू नयेत, कुणालाही देऊ नयेत, आमच्या ताब्यात द्यावेत. रुग्णालय जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांचं कारण पुढे करेल, म्हणूनच पत्र आधी हवं, म्हणजे चर्चा ऑपरेशनच्या दिवशी दारात उभं राहून करावी लागत नाही. अशा शस्त्रक्रियेला इम्प्लांट कंपनीचा माणूस हत्यारांच्या पेट्या घेऊन ऑपरेशन थिएटरमध्ये हजर असणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि ‘तपासणीसाठी’ म्हणून जुना सांधा त्याच्या हाती जाणं हीही. त्याचा हेतू वाईटच असेल असं नाही. पण एकदा तो भाग कंपनीकडे गेला की तुमच्याकडे उरतं ते फक्त तिने दिलेलं उत्तर.

भाग बाहेर आल्यावर तिथेच फोटो काढायला सांगा, शेजारी मोजपट्टी ठेवून. कपाच्या मागच्या बाजूला आणि बॉलच्या आत लेझरने कोरलेले नंबर असतात, ते फोटोत स्पष्ट आले पाहिजेत. स्टिकर सापडलं नसेल तर ओळख इथे पटते. भाग जोराने घासून चकचकीत करू नयेत, झिजेच्या खुणा त्यातच असतात. आजूबाजूच्या मांसाचा तुकडा पॅथॉलॉजीकडे गेला पाहिजे आणि जंतुसंसर्गाची तपासणीही झाली पाहिजे, कारण समोरचा पक्ष पहिला आरोप संसर्गाचाच करेल. मग भाग डब्यात घालून सील करा, वर नाव, तारीख, डॉक्टरांची सही. डबा कुणाकडून कुणाकडे गेला याचा कागद ठेवा आणि सील स्वतः तोडू नका. ग्राहक आयोगाला अशी वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून तपासून घेण्याचा अधिकार आहे, आणि सील शाबूत असलेल्या डब्याला तिथे किंमत असते.

नव्या सर्जनकडून ‘इम्प्लांट सदोष आहे’ असं लिहून मागू नका. बहुतेक जण लिहायला कचरतात, आणि लिहिलंच तर उलटतपासणीत त्या एका वाक्यावर त्यांना घेरलं जातं. डोळ्यांनी दिसलं ते लिहा, एवढीच विनंती करा: मांस काळपट होतं का, द्रव किती होता आणि कसा होता, गाठ होती का, कप सैल होता की घट्ट, जोडाच्या जागी काळं पडलं होतं का, नंबर काय होते. ऑपरेशनच्या नोंदीतल्या अशा चार ओळी नंतर तज्ज्ञांच्या दहा पानांना पाया देतात.

आता दावा. माझ्या मते तुमच्यासाठी योग्य जागा जिल्हा ग्राहक आयोग. दिवाणी दावा लावता येतो, पण त्याला कोर्ट फी लागते आणि वेळही जास्त. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आयोग कोणता हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, मोजलेल्या किमतीवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे २००९ च्या ऑपरेशनचा दावा, भरपाई कितीही मागितली तरी, तिथेच जाईल. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आई राहतात त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ऑनलाइनही. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागल्यास पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात वर्षं लागतात, त्या तयारीने उतरा.

प्रतिपक्ष कोण? निर्माती कंपनी, तिची भारतातली आयातदार किंवा वितरक कंपनी, आणि रुग्णालय. या कायद्यातल्या उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या इजेच्या जबाबदारीच्या, प्रकरणात (चॅप्टरमध्ये) रचनेतला दोष, निर्मितीतला दोष आणि अपुरी सूचना या तिन्हींसाठी निर्माता जबाबदार धरला आहे. निर्माता परदेशात असल्यामुळे त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल किंवा आदेशाची अंमलबजावणी होत नसेल, तर विक्रेत्याला जबाबदार धरता येतं, आणि विक्रेता या व्याख्येत आयातदारही येतो. ही तरतूद आपल्या रुग्णांसाठी फार मोलाची आहे.

दोन अडचणी आधीच ओळखून ठेवा. उत्पादन दायित्वाचं हे प्रकरण लागू झालं २० जुलै २०२० पासून. इम्प्लांट २००९ चा, त्याला हे लागू नाही, असं समोरचा वकील नक्की म्हणेल. म्हणून तक्रारीत फक्त त्यावर विसंबू नका, वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी हे जुने मुद्देही स्वतंत्रपणे मांडा. दुसरी अडचण: जी वस्तू तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायची असते, तिच्याबद्दल निर्मात्याने त्या तज्ज्ञाला पुरेशी सूचना दिली असेल तर सूचनेच्या मुद्द्यावर तो सुटू शकतो. ‘आम्ही डॉक्टरांना कळवलं होतं’ हा बचाव तिथून येतो. पण तो घेतला की चेंडू रुग्णालयाकडे जातो: कळवलं होतं तर रुग्णाला का सांगितलं नाही? म्हणूनच रुग्णालय प्रतिपक्ष असणं गरजेचं. शिवाय कंपनी कपाचा कोन चुकल्याचं सांगून दोष सर्जनवर ढकलेल. जुने एक्स-रे जपायला सांगितलं ते यासाठी.

मूळ सर्जनना प्रतिपक्ष करण्याची घाई करू नका, असं माझं मत आहे. तेव्हा परवाना असलेला, बाजारात चालणारा सांधा त्यांनी बसवला. त्यांची वही आणि त्यांची साक्ष तुमच्या बाजूने येऊ शकते. परत बोलावण्याची नोटीस मिळूनही त्यांनी ती दडवल्याचं दिसलं तर गोष्ट वेगळी. पोलिसांकडे फौजदारी तक्रार करण्याचा सल्लाही मी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली डॉक्टरांविरुद्धच्या फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली आहे, आणि त्या वाटेने भरपाई येत नाही. नियामकांकडे नोंद मात्र अवश्य करा. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे, तिथे नव्या डॉक्टरांमार्फत अहवाल पाठवा.

मुदतीचा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि तो तुम्ही बरोबर विचारलात. आयोगात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कारण कधी घडलं? ऑपरेशन २००९ चं, पण दोष कळला आत्ता. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पोटात राहिलेला गॉझ नऊ वर्षांनी सापडल्याचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २०१० साली निकाली निघालं. दोष लपलेला असेल तर तो कळल्यापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळला असता तेव्हापासून मुदत मोजायची, हे तत्त्व न्यायालयाने मानलं. तरीही त्या रुग्णाची तक्रार फेटाळली गेली. वर्षानुवर्षं दुखत असताना ती नुसत्या गोळ्या घेत राहिली, शोध घेतला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा की दुखणं सुरू झाल्यापासूनचा प्रत्येक केसपेपर, प्रत्येक एक्स-रे, ‘वयामुळे दुखतंय’ असं सांगणारी प्रत्येक चिठ्ठी गोळा करा. आई डॉक्टरांकडे जात होत्या आणि डॉक्टरांनाही कळलं नाही, हे त्या कागदांतून दिसायला हवं. कोबाल्टचा पहिला अहवाल ज्या तारखेचा, त्या तारखेपासून दोन वर्षं ही तुमची कमाल मर्यादा समजा आणि तिच्या खूप आधी दाखल करा. सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा, गरज नाही असं वाटलं तरी. आईंचं शपथपत्र आत्ताच तयार करा. दाव्याला वर्षं लागतील. त्या नसल्या तर वारस तो पुढे चालवू शकतात, पण आतून करकर कशी ऐकू येत होती, जिना का सोडावा लागला, हे त्यांच्याच शब्दांत कागदावर हवं.

या सगळ्यात कंपनीकडून फोन किंवा फॉर्म येऊ शकतो: दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च आम्ही देतो, सह्या करा. खर्च घ्यायला हरकत नाही. सही करण्याआधी मात्र वाचा. ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतील, काढलेला सांधा कंपनीला देण्याचं कलम असेल, किंवा सगळे वैद्यकीय कागद मिळवण्याची सरसकट परवानगी असेल, तर ती कलमं खोडून ‘उर्वरित भरपाईचा हक्क राखून’ असं हाताने लिहा, शेजारी सही करा आणि प्रत ठेवा. त्यांनी ते मान्य केलं नाही तर सध्या खर्च स्वतः करा, पावत्या जपा, आणि ती रक्कम व्याजासह तक्रारीत मागा.